मोबाइल, सीसीटीव्ही, ईमेलमधला पुरावा: हातात आल्यापासून साक्षीपर्यंत कोणत्या क्रमाने काय करायचं

वकिलाकडे येणारा डिजिटल पुरावा बहुतेक वेळा एकाच रूपात येतो: व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंट, कोपऱ्यात स्टेपल मारलेल्या. मूळ फोन कुठे आहे असं विचारलं की कळतं, तो एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. सीसीटीव्हीची क्लिप असते ती कुणीतरी डीव्हीआरच्या (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यासमोर मोबाइल धरून काढलेली. कॉल रेकॉर्डिंगमधली फक्त ‘कामाची’ तीन मिनिटं ठेवलेली असतात, बाकीचं डिलीट. पुरावा खोटा नसतो, पण तो सिद्ध करायची वाट आपणच बुजवून टाकलेली असते.

चूक जवळजवळ नेहमी क्रमाची असते. आधी प्रिंट, मग वकील, मग प्रमाणपत्राची धावपळ, आणि मूळ उपकरणाची आठवण सगळ्यात शेवटी. खरा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. दिवाणी दावा, कौटुंबिक वाद, चेक न वटल्याचा खटला, व्यावसायिक भांडण किंवा पोलिसात दिलेली फिर्याद, कशातही पुढचे टप्पे लागू पडतात. पक्षकारांना, नव्या वकिलांना आणि सोसायटीच्या ज्या सेक्रेटरीकडे डीव्हीआरच्या चाव्या असतात त्यांनाही.

## आधी एक गोष्ट पक्की करा: कायदा कोणता

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्यात इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी कलम ६३ आहे, आणि नोंदीच्या प्रतीसोबत द्यायचं प्रमाणपत्र याच कलमातलं. त्याआधी हेच काम १८७२ च्या कायद्याचं कलम ६५-ब करत होतं. १ जुलै २०२४ च्या आधीपासून प्रलंबित असलेली प्रकरणं नव्या कायद्याच्या कलम १७० प्रमाणे जुन्या कायद्यानेच चालतात. त्यामुळे इंटरनेटवरून उचललेला नमुना भरण्याआधी दाव्याची किंवा खटल्याची तारीख बघा. नव्या प्रकरणात ‘६५-ब’ असं शीर्षक असलेलं प्रमाणपत्र आजही सर्रास दाखल होतं आणि समोरच्या वकिलाला आयती हरकत मिळते.

## टप्पा १: मूळ आहे तसं गोठवा

वाद न्यायालयात जाईल असं दिसू लागलं, की त्याच दिवशी हे करायचं. नोटीस पाठवण्याच्या आधी, कारण नोटीस गेली की समोरचाही जागा होतो.

१. ज्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये मूळ नोंद आहे तो विकायचा नाही, बदलायचा नाही, फॅक्टरी रीसेट करायचा नाही. स्क्रीन फुटली असेल तर दुरुस्तीला देण्याआधी प्रत काढा. दुरुस्तीवाले बिनदिक्कत रीसेट मारतात.

२. आपोआप पुसणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा. व्हॉट्सॲपमध्ये गायब होणाऱ्या मेसेजची मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस असते. ती सोय बंद केली तरी आधी आलेल्या मेसेजची मुदत चालूच राहते, तेव्हा असे मेसेज असतील तर पुढचे टप्पे लगेच उरकावे लागतात. मेलबॉक्स, क्लाउड, फोनची ‘जागा मोकळी करा’ ही सोय, सगळीकडे नजर टाका.

३. परवडत असेल तर तो फोन रोजच्या वापरातून काढा. सिम दुसऱ्या फोनमध्ये घालणार असाल तर त्याआधी व्हॉट्सॲपची प्रत काढून घ्या. तोच नंबर नव्या फोनवर नोंदवला की जुन्या फोनवरचं खातं बंद पडतं.

४. त्या चॅटमध्ये नवे मेसेज टाकू नका. ‘तू तेव्हा कबूल केलं होतंस ना?’ असं आता लिहून उत्तर काढायचा मोह पुष्कळांना होतो. असं उत्तर क्वचितच मिळतं, पण उलटतपासाला सामान मात्र मिळतं.

सावधान: आपल्या विरोधात जाणारे मेसेज डिलीट करणं हा सगळ्यात महाग पडणारा शहाणपणा आहे. समोरच्याच्या फोनमध्ये ते असतातच. तुमच्या प्रतीत ते नाहीत हे दिसलं की उरलेल्या खऱ्या मेसेजवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

## टप्पा २: दुसऱ्याच्या ताब्यातल्या नोंदींसाठी त्याच आठवड्यात पत्र

हा टप्पा लोक खटला सुरू झाल्यावर करतात, आणि तोवर नोंद शिल्लक नसते. सीसीटीव्हीचा डीव्हीआर डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवं चित्रण लिहितो. डिस्क किती मोठी, कॅमेरे किती आणि चित्रणाचा दर्जा काय यावर ते अवलंबून असतं. काही ठिकाणी महिनाभराचं मिळतं, काही ठिकाणी आठवड्याचंही नाही. दूरसंचार कंपन्यांना परवान्याच्या अटींप्रमाणे कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. त्यात कुणी कुणाला, कधी, किती वेळ फोन केला ते असतं, बोलणं काय झालं ते नसतं. व्हॉट्सॲपकडून मेसेजचा मजकूर मिळेल ही आशा सोडा. मजकूर टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असतो आणि पोहोचलेला मेसेज त्यांच्या सर्व्हरवर राहत नाही. मजकुराचा खरा साठा म्हणजे दोन्ही बाजूंचे फोन आणि त्यांचे बॅकअप.

तेव्हा दुकान, सोसायटी, रुग्णालय, बँक, ज्याच्याकडे नोंद आहे त्याला लेखी पत्र द्या. पत्रात चार गोष्टी हव्यात: नेमकी जागा किंवा कॅमेरा, तारीख आणि वेळेची चौकट, ‘ही नोंद पुसली जाऊ देऊ नये’ अशी विनंती, आणि प्रतीसोबत कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं अशी मागणी. नोंदणीकृत डाकेने किंवा हातोहात देऊन पोच घ्या.

प्रमाणपत्राची मागणी पत्रातच का, याचं उत्तर जालन्याच्या प्रकरणात आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज मुदत संपल्यावर स्वीकारले गेले, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा दावा होता. पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणाचा. त्याच्या सीडी मिळाल्या, पण प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळालं नाही. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल लागला: प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र बंधनकारक आहे. पण ज्याच्या हातात उपकरण नाही त्याने प्रमाणपत्र मागितलं, नाकारलं गेलं, मग न्यायालयाकडे अर्ज केला, म्हणजे आपल्या हातात होतं ते सगळं केलं, तर अशक्य गोष्टीसाठी त्याला अडवता येत नाही. गोरंट्याल यांच्या बाजूने उभी राहिली ती मागणी केल्याची नोंद. तुमच्याकडेही ती कागदावर हवी.

पत्राला उत्तर आलं नाही, तर न्यायालयामार्फत मागवायचं. दिवाणीत दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १६ किंवा आदेश ११, फौजदारीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४. या कलमात इलेक्ट्रॉनिक संदेश आणि उपकरणं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्जात ‘संबंधित सर्व नोंदी’ असं मोघम लिहू नका. अशा अर्जांवर ‘पुरावा शोधत फिरण्याचा प्रयत्न’ असा शेरा पडतो.

## टप्पा ३: यादी करा, आणि प्रत्येक नोंद हातात कशी आली ते लिहा

एका कागदावर पाच रकाने: नोंद काय आहे, कोणत्या उपकरणात किंवा खात्यात आहे, ते कुणाच्या ताब्यात आहे, त्यावरून नेमकं काय सिद्ध करायचं आहे, आणि ती आपल्याकडे कशी आली. चौथा रकाना भरताना निम्मी यादी गळून पडते, आणि ते चांगलंच आहे. शेकडो पानांच्या चॅटपेक्षा व्यवहाराच्या तीन दिवसांचं सलग संभाषण न्यायाधीश नीट वाचतात.

पाचव्या रकान्यात प्रामाणिक राहा. आपण स्वतः सहभागी असलेलं बोलणं रेकॉर्ड करणं ही एक गोष्ट झाली. दुसऱ्याचा पासवर्ड वापरून त्याचं खातं उघडणं, त्याच्या फोनमध्ये नजर ठेवणारं ॲप टाकणं ही वेगळी. नवरा-बायकोच्या वादात गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग कौटुंबिक न्यायालयात ग्राह्य धरता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विभोर गर्ग विरुद्ध नेहा या प्रकरणात म्हटलं आहे. पण त्यातून कुणाचंही खातं फोडायची मुभा मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तुमच्यावरच गुन्हा होऊ शकतो. यादीतला असा पुरावा वकिलाला आधी दाखवा, त्याची प्रत काढत बसू नका.

तपासा: प्रत्येक ओळीपुढे उपकरणाचा मेक, मॉडेल, अनुक्रमांक आणि फोन असेल तर आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) लिहिला आहे का? *#०६# डायल केलं की आयएमईआय दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहा.

## टप्पा ४: प्रत काढा, प्रत्येक प्रकाराची वेगळी

### व्हॉट्सॲप

स्क्रीनशॉट हा पुराव्याचा फोटो आहे. न्यायाधीशांना वाचायला तो सोयीचा, सिद्ध करायला कच्चा. त्यामुळे तो एकटा कधीच नको.

पहिलं काम स्क्रीन रेकॉर्डिंग. सेटिंगमध्ये तुमचा स्वतःचा नंबर दाखवा, तिथून समोरच्याच्या संपर्क-माहितीत जाऊन त्याचा नंबर दाखवा, मग चॅट उघडून हव्या त्या तारखेपर्यंत सावकाश सरकवत जा. मध्ये थांबायचं नाही, कापायचं नाही. यामुळे नंबर आणि मजकूर एकाच सलग फाइलमध्ये बांधले जातात. नुसत्या स्क्रीनशॉटमध्ये वर फक्त तुम्ही सेव्ह केलेलं नाव दिसतं, आणि कोणत्याही नंबरला कोणतंही नाव देता येतं. पहिली हरकत हीच येते.

दुसरं, ‘एक्स्पोर्ट चॅट’ वापरून मीडियासह निर्यात. यात दोन खाचखळगे आहेत. निर्यातीला मर्यादा असते, मीडियासह साधारण १०,००० मेसेज आणि मीडियाविना ४०,०००, आणि त्यात नवे मेसेज आधी घेतले जातात. जुना व्यवहार त्यातून सुटला नाही ना ते बघा. दुसरं म्हणजे निघणारी फाइल साधी मजकूर-फाइल असते, कुणालाही बदलता येते. तिचं वजन मूळ फोन शाबूत आहे यावरच टिकतं. आणि हो, काहींनी समोरच्याचं नाव ‘फसवणूकवाला’ असं सेव्ह केलेलं असतं. निर्यातीच्या प्रत्येक ओळीपुढे ते छापून येतं. ते आता बदलूही नका, विचारलं तर सरळ सांगा.

निर्यात केलेली फाइल व्हॉट्सॲपवरूनच स्वतःला पाठवू नका. केबलने कॉम्प्युटरवर घ्या.

### ईमेल

वकिलाला ईमेल फॉरवर्ड करणं म्हणजे नवा ईमेल तयार करणं. मूळ हेडर त्यात राहत नाही. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडून मूळ संदेश डाउनलोड करा, इतर सेवांमध्येही तशीच सोय असते. मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून आला, त्याचा संदेश-क्रमांक आणि डिजिटल सही हेडरमध्ये असते. नाव सारखं ठेवून बनावट पत्त्यावरून मेल आला, असा वाद असेल तर सगळा खेळ या हेडरवरच चालतो. जोडपत्रं वेगळी सेव्ह करा, उघडून पुन्हा सेव्ह करू नका.

### सीसीटीव्ही

आधी डीव्हीआरचं घड्याळ बघा. अनेक डीव्हीआर काही मिनिटं, कधी तासभरही पुढे-मागे असतात. पडद्यावर डीव्हीआरची वेळ आणि शेजारी मोबाइलवरची नेटवर्कची वेळ असा एक फोटो काढा, फरक लिहून ठेवा. घड्याळ दुरुस्त करायचं ते त्यानंतर, आधी नाही.

प्रत डीव्हीआरच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये घ्या आणि ती चालवणारा प्लेअरही सोबत घ्या. घटनेआधी आणि नंतर किमान अर्ध्या तासाचं चित्रण हवं, तेही त्या दिशेच्या सगळ्या कॅमेऱ्यांचं. फक्त मारहाणीची दीड मिनिटं दिलीत, तर ‘आधी काय झालं ते का लपवलं?’ हा प्रश्न ठरलेला आहे. प्रकरण गंभीर असेल तर डीव्हीआरची हार्ड डिस्कच काढून सीलबंद करणं आणि जागी नवी डिस्क बसवणं हा उत्तम उपाय. डिस्कची किंमत पुढच्या मनस्तापाच्या मानाने काहीच नाही.

### रेकॉर्डिंग आणि फोटो

रेकॉर्डिंग पूर्ण ठेवा. सुरुवातीची ‘हॅलो, कोण?’सुद्धा, कारण आवाज कुणाचा हे तिथेच ठरतं. खरखर काढायला ॲप वापरू नका. आवाज सुधारणं आणि फेरफार करणं यांतली रेषा उलटतपासात दिसेनाशी होते. राम सिंग विरुद्ध कर्नल राम सिंग या १९८५ च्या निकालातल्या कसोट्या आजही तशाच विचारल्या जातात: आवाज ओळखता येतो का, रेकॉर्डिंग अचूक आहे का, फेरफाराची शक्यता पुसली आहे का, ते सुरक्षित ताब्यात होतं का, नीट ऐकू येतं का.

फोटो केबलने मूळ फाइल म्हणूनच घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि कॅमेऱ्याने आत लिहिलेली तारीख, जागा वगैरे निघून जाते. पाठवणं अगदीच भाग असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

बँकेच्या नोंदींसाठी यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. बँकेकडून खातेउतारा घ्या आणि बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ खालचं प्रमाणपत्र सोबत मागा. हे पंधरा मिनिटांचं काम लोक वर्षभर टाळतात.

## टप्पा ५: हॅश काढा, प्रत काढल्याबरोबर

हॅश म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून गणिताने निघणारा एक ठसा. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. हॅश काढायला एसएचए-२५६ ही पद्धत वापरा, तिचा ठसा ६४ अक्षरांचा असतो. एमडी५ ही दुसरी पद्धतही प्रमाणपत्राच्या नमुन्यात चालते, पण तिच्यात एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या फाइली मुद्दाम बनवता येतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर उलटतपास ओढवून घेण्याचं कारण नाही.

विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने किंवा सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्रॅम टाकून राइट-क्लिकवर हॅश निघतो. फाइलचं नाव, आकार, हॅश, पद्धत, तारीख आणि वेळ असा छोटा अहवाल बनवून छापा.

इथे दोन गैरसमज फार आहेत. फाइलचं नाव बदललं तर हॅश बदलत नाही, कारण नाव मजकुराचा भाग नाही. उलट वर्डची फाइल नुसती उघडून सेव्ह केली, व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून गेला, फोटो थोडा फिरवला, तर हॅश बदलतो. दुसरा गैरसमज मोठा आहे: हॅशने फाइल खरी ठरते असं लोकांना वाटतं. हॅश इतकंच सांगतो की तो काढला त्या क्षणापासून फाइल बदललेली नाही. त्याआधीचं काहीच सांगत नाही. म्हणून घटनेनंतर आठ महिन्यांनी काढलेल्या हॅशला तेवढंच वजन, आणि म्हणून हा टप्पा प्रमाणपत्र भरण्याच्या दिवशी नाही, प्रत काढण्याच्या दिवशी करायचा.

मूळ प्रतीच्या दोन आवृत्त्या ठेवा. एक नव्या पेनड्राइव्हवर सीलबंद, एक काम करायला. ऐकायचं, बघायचं, वकिलाला द्यायचं ते दुसरीवरून.

तपासा: सीलबंद करण्याआधी पेनड्राइव्हवरच्या फाइलचा हॅश पुन्हा काढा. कॉम्प्युटरवरच्या हॅशशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे.

## टप्पा ६: ताब्याची नोंद

एक वही किंवा एक तक्ता. वस्तू, कुणी दिली, कुणी घेतली, तारीख, वेळ, कारण, सही. बस. फोन तज्ज्ञाकडे गेला, परत आला, वकिलाच्या कार्यालयात राहिला, प्रत्येक हालचाल ओळीने. साध्या कामाला लोक कंटाळतात आणि मग साक्षीच्या वेळी ‘मधले चार महिने हा पेनड्राइव्ह कुठे होता?’ याला उत्तर नसतं.

फोन पोलिसांना द्यायचा असेल तर आधी टप्पा ४ आणि ५ पूर्ण करा. पंचनाम्यात मेक, मॉडेल, दोन्ही आयएमईआय, सिम, फोन चालू होता की बंद आणि सील कसं केलं हे लिहून घ्या, प्रत मागा. फोन पुढे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि तिथे रांग मोठी असते. जप्त फोन परत मिळण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली अर्ज करता येतो, पण त्यात गेलेला वेळ गेलाच.

## टप्पा ७: कलम ६३(४) चं प्रमाणपत्र

नव्या कायद्याच्या अनुसूचीत नमुना दिलेला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ पक्षकाराने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. जुन्या कायद्यात दुसरा भाग नव्हता. त्यामुळे ‘ब’ कोरा ठेवून दाखल करणारे पुष्कळ.

भाग ‘अ’ कुणी सही करायचा? ज्याच्या ताब्यात उपकरण होतं किंवा जो त्या कामाचा प्रमुख आहे त्याने. पक्षकाराच्या फोनसाठी वकिलाने सही करू नये. कंपनीच्या सर्व्हरसाठी ज्याने तो कधी पाहिलाही नाही अशा संचालकापेक्षा यंत्रणा सांभाळणारा माणूस बरा, कारण सही करणाऱ्यालाच साक्षीला उभं राहावं लागतं.

भरताना हे बघा:

१. उपकरणाचा प्रकार, मेक, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय टप्पा ३ च्या यादीशी जुळतो का. नव्या फोनचा आयएमईआय चुकून जुन्या चॅटसाठी लिहिणं ही नेहमीची चूक.

२. नोंद फोनमधून लॅपटॉपवर आणि तिथून पेनड्राइव्हवर गेली असेल तर ही सगळी साखळी लिहा. प्रिंट वकिलाच्या कार्यालयात निघाली असेल तर तेही.

३. उपकरण मालकीचं, सांभाळलेलं, व्यवस्थापनातलं की चालवलेलं, यातलं जे खरं तेच निवडा. सगळ्यांवर खूण करू नका.

४. उपकरण त्या काळात नीट चालत होतं असं लिहिताना ते खरं आहे का ते आठवा. मध्ये बिघडलं असेल तर त्याचा या नोंदीवर परिणाम झाला नाही असं सांगायची सोय नमुन्यातच आहे. ती वापरा, लपवू नका.

५. हॅश अहवाल जोडा. हॅशची अक्षरं हाताने लिहू नका, टाइपही करू नका, अहवालातून जशीच्या तशी उचला.

६. तारीख, चोवीस तासांच्या पद्धतीने भारतीय वेळ, ठिकाण. प्रमाणपत्रावरची वेळ हॅश अहवालाच्या आधीची असेल तर सगळंच संशयास्पद दिसतं.

दोन उपकरणं असतील तर दोन प्रमाणपत्रं करा. आणि कलमाचे शब्द लक्षात ठेवा: नोंद ज्या ज्या वेळी पुरावा म्हणून सादर होईल त्या प्रत्येक वेळी प्रमाणपत्र हवं. खालच्या न्यायालयात दिलं होतं, आता दुसऱ्या दाव्यात त्याचीच झेरॉक्स जोडतो, असं चालत नाही.

भाग ‘ब’ साठी तज्ज्ञ निवडताना त्याचं शिक्षण, अनुभव आणि साक्षीला येण्याची तयारी विचारा. कलम ३९(२) प्रमाणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९-अ खाली नेमलेला इलेक्ट्रॉनिक पुरावा परीक्षक हा तज्ज्ञ मानला जातो. तज्ज्ञाने स्वतः हॅश काढून बघितला पाहिजे. व्हॉट्सॲपवर फाइल मागवून, तुम्ही पाठवलेल्या हॅशखाली सही करणारा तज्ज्ञ पहिल्या दहा प्रश्नांत उघडा पडतो.

### प्रमाणपत्राशिवाय मूळ फोनच दाखल केला तर?

चालतं. खोतकर निकालात स्पष्ट म्हटलं आहे की मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन मूळ उपकरण सादर केलं आणि ते आपलंच, आपणच वापरत होतो हे सिद्ध केलं, तर प्रमाणपत्र लागत नाही. नव्या कायद्याच्या कलम ५७ मध्येही योग्य ताब्यातून आलेली डिजिटल नोंद, तिच्यावर वाद नसेल तर, प्राथमिक पुरावा मानली आहे. पण वाद नसेल असं धरून चालणं भाबडेपणाचं. शिवाय फोन मुद्देमाल म्हणून वर्षानुवर्षं न्यायालयात अडकतो, आणि त्यात तुमचं सगळं आयुष्य असतं. माझं मत: प्रमाणपत्र द्याच, आणि मूळ फोन मागितला तर हजर करता येईल असा सांभाळून ठेवा.

## टप्पा ८: दाखल करणं

व्यावसायिक न्यायालयातल्या दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेचा सुधारित आदेश ११ लागू होतो आणि तो बराच कडक आहे. दाव्यासोबतच सगळी कागदपत्रं, स्वतःच्या विरोधात जाणारी असली तरी, उघड करावी लागतात. इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी नियम ६ प्रमाणे शपथेवर सांगावं लागतं की नोंदीतले पक्ष कोण, ती कुणी कशी तयार केली, कधी साठवली किंवा पाठवली, प्रिंट कोणत्या स्रोतातून आणि कधी काढली, ईमेलचा पत्ता किंवा क्लाउडचं खातं कुणाच्या ताब्यात आहे. टप्पा ३ ची यादी नीट केली असेल तर हे शपथपत्र त्याच रकान्यांतून उतरतं. नंतर कागद आणायचा तर न्यायालयाची परवानगी आणि आधी का नाही आणला याचं सबळ कारण लागतं.

साध्या दिवाणी आणि फौजदारी प्रकरणात कागदपत्रांच्या यादीसोबत पेनड्राइव्ह, प्रिंट, प्रमाणपत्र आणि हॅश अहवाल एकत्र द्या. रेकॉर्डिंगचं लेखी रूपांतर हवंच: मिनिट-सेकंद, बोलणारा, जसंच्या तसं वाक्य. मालवणी, वऱ्हाडी किंवा हिंदी मिसळलेलं बोलणं ‘शुद्ध’ करून लिहू नका. न्यायालय रेकॉर्डिंग ऐकतं तेव्हा प्रत्येक बदललेला शब्द कानाला खटकतो.

प्रमाणपत्र राहून गेलं तर सुनावणी संपायच्या आत न्यायालयाच्या परवानगीने ते नंतरही देता येतं. पण ही पळवाट आहे, योजना नाही. आणि समोरच्याच्या प्रमाणपत्रात दोष असेल तर हरकत त्या कागदाला निशाणी क्रमांक पडताना, म्हणजे न्यायालय तो पुरावा म्हणून नोंदवताना घ्या. प्रमाणपत्र नाही ही हरकत अपिलात पहिल्यांदा घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सोनू विरुद्ध हरियाणा राज्य या २०१७ च्या निकालात सांगितलं आहे.

## टप्पा ९: साक्ष

साक्षीच्या आदल्या दिवशी न्यायालयात दिलेल्या पेनड्राइव्हची तुमच्याकडची आवृत्ती उघडून बघा. डीव्हीआरचा प्लेअर न्यायालयातल्या कॉम्प्युटरवर चालेलच असं नाही, तेव्हा लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन जायची परवानगी आधी मागा.

उलटतपासात हे प्रश्न येणार असं धरूनच तयारी करा: हा फोन कधी घेतला, पासवर्ड आणखी कुणाला माहीत होता, प्रत कुणी काढली, हॅश म्हणजे काय ते तुम्हाला कळतं का, मधले मेसेज का नाहीत, हे एडिट केलेलं आहे असं म्हटलं तर? हॅशचं गणित माहीत नसेल तर ‘मला गणित कळत नाही, मी अमुक प्रोग्रॅममध्ये फाइल टाकली आणि आलेला आकडा अहवालात आहे’ एवढं पुरतं. पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं.

आवाज नाकारला गेला तर फौजदारी प्रकरणात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ खाली आवाजाचा नमुना घेण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. दिवाणीत तुलनेसाठी अर्ज करावा लागतो, तोही साक्ष संपायच्या आत.

निकाल लागला तरी फोन विकू नका. अपिलाची मुदत जाईपर्यंत, आणि अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत तो तसाच ठेवा. बंद करून कपाटात ठेवला असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी विमान मोडवर चार्ज करा, नाहीतर बॅटरी फुगते आणि गरजेच्या दिवशी फोन उघडतच नाही. वायफायला जोडू नका, जोडलं की अपडेट आणि सिंक आपोआप सुरू होतात. आणि चार्ज केल्याची तारीख ताब्याच्या वहीत लिहायची.